हवेचा स्क्रू

"सोमवारपासून आठला हजर राहणार असशील तर तोंडं तुझी," शेठ म्हणाले. "नायतर मी दुसऱ्याला देतो. मग सीझनभर माझ्यावर रुसून बसायचं नाय."

तोंडं म्हणजे गणपतीची. पेणला रामवाडीत आमच्या शेठचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत पांढऱ्या मूर्तींच्या रांगा आणि कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर. त्या कॉम्प्रेसरची हवा नळीतून गनमध्ये येते, गनच्या वाटीतला रंग फोडते आणि त्याचा बारीक फवारा मूर्तीवर बसतो. ही गन मारायचं माझं काम. इतकी वर्षं मी आसनं केली, पितांबरं केली, उंदीर तर किती केले ते उंदरांनाच माहीत. तोंडाला मात्र मला कुणी हात लावू दिला नव्हता. तोंडाची शेडिंग म्हणजे गालावर, सोंडेच्या वळणावर, कानाच्या आत इतका हलका गुलाबी टाकायचा की बघणाऱ्याला रंग दिसू नये, नुसतं तेज दिसावं. त्यानंतर डोळ्यांची आखणी होते. गाल बिघडला तर आखणीवाल्यानं कितीही जीव ओतला तरी ती मूर्ती शेडमध्येच राहते. मला ते काम हवं होतं. हवं होतं म्हणजे झोपेत माझं बोट गनचा घोडा दाबायचं, असं नवरा सुट्टीवर आला की सांगतो.

आठची अट शेठनी उगाच घातलेली नव्हती. एप्रिलमध्ये ऊन चढलं की रंग हवेतच सुकतो आणि गालावर रवा पडावा तसा दाणा बसतो. म्हणून तोंडं सकाळच्या गारव्यातच उरकायची. आणि इथंच माझं घोडं अडलं होतं. लग्न झाल्यापासून मी रोह्याजवळ अष्टमीला राहते. एसटीनं पोचायला मला साडेनऊ होतात आणि ट्रेन कधी मालगाडीला वाट देत उभी राहील याचा भरवसा नाही. पेणला राहायची सोय नव्हती, कारण तिथलं माझं माहेर आता बंद आहे, भाऊ पनवेलला गेला. नवरा मस्कतला एसी दुरुस्त करतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तू ठरव, पण आईशी भांडू नको."

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांच्या परीनं ठरवूनच टाकलं होतं. रोह्याच्या बाजारात त्यांच्या ओळखीच्या बाईंचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. तिथं माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. तीही नेमकी त्याच सोमवारपासून.

"सावलीत बसायचं काम हाय," त्या म्हणाल्या. "दुपारी घरी येऊन जेवशील. त्या रंगाच्या धुरात काय ठेवलंय गो?"

मी गप्प बसले. माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही, त्यामुळे त्यांना लगेच संशय आला.

माझं लक्ष पडवीत होतं. तिथं ताडपत्रीखाली बाबांची, माझ्या सासऱ्यांची, शंभर सीसीची जुनी मोटारसायकल उभी होती. बाबा धाटावच्या कंपनीत ऑपरेटर होते. सगळी नोकरी शिफ्टमध्ये आणि सगळ्या शिफ्ट ह्या गाडीवर. रिटायर झाले, गुडघा धरला, आणि गाडीला किक बसायची थांबली. मशिनींच्या आवाजानं त्यांचे कान मात्र कंपनीतच राहिले. त्यांच्याशी काही बोलायचं म्हणजे शेजारच्या तीन घरांना बातमी देणं. म्हणून मी पाटीवर लिहावं तसं हातानं दाखवलं: गाडी, मी, पेण. गिअरची गाडी मी लग्नाआधीच भावाच्या मागं लागून शिकले होते, हे त्यांना ठाऊक होतं. ते उठले आणि ताडपत्री ओढली.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर खोलला. आतलं पेट्रोल सुकून काकवीसारखं झालं होतं. त्यानं सगळं धुतलं, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी जेट उजेडाकडं धरून बघितला, परत बसवला आणि कार्बोरेटरच्या बाजूचे दोन स्क्रू दाखवले.

"ह्यो मोठा रेसचा, ह्यो बारका मिक्शरचा. पेट्रोल आणि हवा किती मिसळायची ते ह्याच्यावर. घरी गाडी तापवा आणि थोडा थोडा फिरवून लावा. मी चाललो पुतणीच्या हळदीला."

आणि तो खरंच गेला. लग्नसराईत आमच्याकडं मेकॅनिक, भटजी आणि बँडवाला एकदमच गायब होतात.

पण मला काही चिंता वाटली नाही, उलट हुरूपच आला. कारण कार्बोरेटर म्हणजे काय हे गॅरेजवाल्यानं दाखवलं आणि मला आपली गनच दिसली. इकडून हवा येते, तिकडून पेट्रोल येतं, हवा पेट्रोलला फोडते, फवारा इंजिनात जातो. एवढंच. फवाऱ्यात तर माझी अर्धी हयात गेली. मी आईंना म्हटलंसुद्धा की हे माझ्या डाव्या हाताचं काम आहे. त्यांनी जवळ्याचं, सुक्या बारीक कोळंबीचं, सूप पुढं ओढलं आणि निवडायला लागल्या.

संध्याकाळी अंगणात गाडी स्टँडवर लावली. चोक ओढला की सुरू व्हायची. चोक सोडला की खोकायची आणि मरायची. मूठ पिळली की पुढं जायच्या ऐवजी घशात काही अडकल्यासारखी थांबायची. बाबांनी प्लग काढून बघितला. टोक पांढरंफटक, चुना लावल्यासारखं.

"पेट्रोल कमी पडतंय," बाबा म्हणाले. "सोड थोडा."

मीही तेच म्हणणार होते. गनला मागं दोन कळी असतात, वरची रंगाची आणि खालची हवेची. फवारा कोरडा यायला लागला की आपण रंगाची कळ सोडतो. डावीकडं फिरवलं की कळ सुटते, रंग वाढतो. बाबांच्या कंपनीतले व्हॉल्व्हही डावीकडंच उघडायचे. तेव्हा दोन अनुभवी माणसांचं एकमत झालं आणि मिक्शरचा स्क्रू आम्ही डावीकडं सोडला.

गाडी आणखी लवकर मेली.

"अजून सोड," बाबा ओरडले. त्यांना वाटतं आपण कुजबुजतो.

अजून सोडला. आता चोक ओढूनही धड चालेना. दुसऱ्या संध्याकाळी परत तेच. मी ऐकायचं, बाबांनी फिरवायचं, अशी वाटणी होती. मी हातानं खूण करायचे, वाईट, अजून वाईट, आणि ते दर वेळी आणखी डावीकडं. शेवटी स्क्रू अख्खा बाहेर आला. त्याच्याखालची बारीक स्प्रिंग टुणकन उडाली आणि दिसेनाशी झाली. आम्ही दोघं अंगणात रांगायला लागलो. बाबांचा गुडघा वाकत नाही, त्यामुळे ते एका बाजूनं रांगत होते. लोहचुंबक फिरवलं, झाडून घेतलं, काही नाही.

"हे तुमचंच काय?" पडवीत निवडत बसलेल्या आईंनी विचारलं. स्प्रिंग त्यांच्या सुपात, जवळ्यात पडली होती. दोन बोटांत धरून त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. "त्या गाडीला समजावून सांगा दोघं मिळून. म्हणावं, सून सोमवारी दुकानात चालली, आता झोप."

मला असा राग आला की गाडीला लाथ मारावीशी वाटली. मारलीही. किकच ती, पण मनात लाथ होती. गाडी सुरू झाली नाहीच. रात्री जेवताना मी आईंशी बोलले नाही आणि त्यांनी माझ्या ताटात जास्तीचं कालवण वाढलं. त्यामुळे तर आणखी राग आला.

शनिवारी मी नेहमीसारखी एसटीनं उशिरा कारखान्यात पोचले. तोंडं दुसराच एकजण करत होता. मला पितांबरं होती. डोक्यात गाडीच. तो स्क्रू सोडला की पेट्रोल वाढायला पाहिजे, मग गाडी उपाशी का मरते? हात चालला होता, डोकं अष्टमीला. फवारा जरा कोरडा वाटला म्हणून मी मागं हात नेला आणि न बघता कळ सोडली. पितांबरावर पिवळ्याऐवजी भुकटी पडायला लागली. वाटलं अजून कमीच पडतोय, आणखी सोडली. भुकटी वाढली.

शेठ मागं उभे होते. "रंग कुठं हाय?" ते म्हणाले. "नुसती हवा मारतेस काय? खालची कळ सोडलीस तू."

मी बघितलं. खरंच खालचीच सोडली होती, हवेची. जितकी सोडत होते तितकी हवा वाढत होती आणि रंग उपाशी पडत होता. आणि तिथंच, हातात गन तशीच धरून, मला असं झालं की आता ओरडावं. गाडीचा तो बारका स्क्रू पेट्रोलचा नव्हताच. हवेचा होता. आम्ही दोन संध्याकाळी, दोन शहाणी माणसं, त्या बिचारीला हवा पाजत बसलो होतो. तिला पेट्रोल द्यायचं तर स्क्रू सोडायचा नाही, आवळायचा.

"हसतेस काय?" शेठ म्हणाले.

"सोमवारी आठला येते," मी म्हटलं.

ते पितांबराकडं बघून पुढं गेले. मी ते पितांबर पुसलं, परत मारलं. उरलेला दिवस कसा गेला ते मलाच माहीत. बाबांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी आईंना लावला. म्हटलं, बाबांना सांगा, स्क्रू आवळायचा होता, आपण सोडत होतो. आई म्हणाल्या, "घरी येऊन सांग. मी तुमच्या दोघांच्या मधी पडत नाय." परतीच्या एसटीत मी बसूच शकले नाही. सीट रिकामी होती तरी दाराजवळ उभी राहिले, जणू त्यानं गाडी जोरात पळणार होती. नागोठण्याला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा त्याला हाताला धरून परत स्टिअरिंगवर बसवावंसं वाटलं.

घरी आले ती चपला न काढता अंगणातच थांबले. बाबांना हातानं सांगितलं. गनची खूण केली, दोन कळी दाखवल्या, वरचीवर फुली मारली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "व्हय गो," ते म्हणाले. "हवेचा व्हॉल्व्ह. आपण हवेचाच व्हॉल्व्ह उघडत बसलो."

आता मी स्वतः फिरवायला बसले. आधी स्प्रिंग घालून स्क्रू पूर्ण आत घेतला, अगदी हलक्या हातानं, कारण जोर केला तर टोक बिघडतं हे गनच्या सुईवरून माहीत होतं. मग तिथून थोडा बाहेर. चोक ओढून गाडी सुरू केली, तापू दिली, चोक सोडला. मेली नाही. जडशी, भकभक करत चालत राहिली. आता पेट्रोल जास्त होतं, धूर डोळ्यांना झोंबत होता. मला इतका आनंद झाला की धुरातच हसत बसले. स्क्रू केसाएवढा सोडला. भकभक कमी झाली. अजून केसाएवढा. इंजिनाची रेस आपोआप चढायला लागली, मी मूठ पिळली नव्हती तरी. रेसचा मोठा स्क्रू सोडून ती खाली आणली, परत बारका फिरवला, परत चढली, परत खाली आणली. असं करत करत एक जागा आली की तिथून स्क्रू इकडं हलवला तरी आवाज पडायचा आणि तिकडं हलवला तरी पडायचा. तिथं ठेवला. गाडी सलग, बारीक, दमदार चालत होती. मी मूठ एकदम पिळली. न खोकता उठली. सोडली. खाली येऊन परत त्याच लयीत लागली.

बाबांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले, आवाज कसा, कसा? मी काय सांगणार? गालावर गुलाबी बरोबर बसला की जसं वाटतं तसं, हे मनात आलं, पण ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी अंगठा दाखवला. त्यांनी तळहात टाकीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"बंद करा आता," आतून आई म्हणाल्या. "शेजारणीनं खिडकी लावून घेतली."

रविवारी बाबा म्हणाले, अंगणात काय कुणाचीही चालेल, खिंड चढली तर खरी. म्हणजे नागोठण्याच्या अलीकडची. दुखरा गुडघा बाहेर काढून ते माझ्या मागं बसले. रस्त्यात ओळखीची माणसं माना वळवून बघत होती, सून चालवतेय आणि सासरा मागं. बाबा सगळ्यांना हात करत होते. चढ लागला. मी तिसरा गिअर टाकला आणि श्वास धरला. गाडीनं धरला नाही. दोघांचं ओझं घेऊन ती आवाजात जरासुद्धा न पडता चढत गेली. वर थांबलो तेव्हा बाबांनी फडक्यानं धरून गरम प्लग काढला. टोकावर दुधाच्या चहाचा रंग होता. ना चुना, ना काजळी. तो प्लग त्यांनी असा काही माझ्यासमोर धरला की मला वाटलं आता माझ्या हातावर पेढाच ठेवतायत.

घरी आल्यावर त्यांनी आईंनाही प्लग दाखवला. आईंनी बघितला आणि विचारलं, "वाटेत बंद पडली तर तिथं तुझा सासरा येणार काय धक्का मारायला?" आईंचं म्हणणं रागातलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांना हायवेची भीती होती. ट्रकांच्या मधी बंद पडलेल्या गाडीवर मी त्यांना दिसत होते.

सोमवारी उजाडायच्या आधी निघाले. आईंनी डबा दिला, ओढणी पाठीमागं नीट बांधली. दारात मात्र आल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण गाडी एका किकला लागली आणि वाईट वाटणं मागं राहिलं.

काय सांगू त्या सकाळचं! खिंडीत गार हवा, रस्ता मोकळा, आणि मांडीखाली ते इंजिन मी स्वतः कानानं लावलेलं. हायवेला लागल्यावर ट्रकांच्या रांगेत थांबावं लागलं. मूठ सोडून मी कान देऊन बसले, आता मरते की काय. पुढचा ट्रक धूर ओकत होता, मागचा हॉर्न मारत होता, आणि माझी गाडी मधे उभी राहून शांतपणे चालत होती. वडखळला तर मी गाणं म्हणत होते. हेल्मेटमधे स्वतःचाच आवाज बरा वाटतो.

रामवाडीत पोचले तेव्हा शेठ कुलूप काढत होते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, मग गाडीकडं, मग माझ्याकडं. आत जाऊन बारकी गन काढली, गुलाबी भरला आणि माझ्या हातात दिली. "फळीवर मार आधी."

तोंडावर जायच्या आधी फळीवर रेघ मारून दाखवायची, ही आमच्याकडची रीत. मी घोडा दाबला आणि रेघ लाटेसारखी थरथरत गेली. दुसरी मारली, तीही तशीच. तासाहून जास्त वेळ हँडल धरलेले हात आतून झिणझिण्या मारत होते. बोटं माझी राहिलीच नव्हती. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. गाडी लावली, खिंड चढले, हायवे ओलांडला, आणि आता ह्या दोन हातांनी घात केला होता. शेठ फळीकडं बघत होते.

"गाडीनं हात थरथरतायत," मी म्हटलं. लपवून उपयोग नव्हता. "मला थोडा वेळ द्या. तोवर आसनं मारते. नाय थांबले तर तोंडं त्या दुसऱ्यालाच द्या."

शेठनी बाहेर उन्हाकडं बघितलं. ऊन अजून पत्र्याखाली आलं नव्हतं. "मार आसनं," ते म्हणाले.

मी माठातलं पाणी हातांवर घेतलं आणि आसनांना लागले. मोठी गन, सोपं काम. दर थोड्या वेळानं बोटं उघडून बघत होते. ऊन दाराच्या उंबऱ्याशी आलं तेव्हा मी परत फळीपाशी गेले. रेघ मारली. सरळ गेली. शेजारी दुसरी मारली, तीही सरळ. शेठनी रांगेतली पहिली मूर्ती माझ्याकडं वळवून ठेवली.

पहिल्या गालाला मी श्वाससुद्धा घेतला नसेल. मग दुसरा गाल, सोंडेचं वळण, कानाची आतली बाजू. गुलाबी दिसला नाही, पण मूर्ती जागी झाली. माझे डोळे भरून आले आणि गन बाजूला धरून मी आधी ते पुसले, रंगावर पाणी पडायला नको म्हणून. ऊन आत येईपर्यंत अर्धी रांग झाली होती. शेठनी एकेका तोंडाजवळ वाकून बघितलं आणि मुकुट करायला दुसऱ्या कारागिराला हाक मारली. म्हणजे तोंडं माझीच राहिली.

जेवणाच्या सुट्टीत मी आईंना फोन लावला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. भांडायचं नाही असं नवऱ्याला कबूल केलं होतं.

"आई, त्या दुकानातल्या बाईंना कळवायचं राहिलं," मी म्हटलं. "त्या वाट बघत असतील. त्यांना सांगता का, मी नाय येत?"

"सांगितलं," आई म्हणाल्या.

"कधी?"

"सकाळीच. तू गेलीस तेव्हा मी माळ्यावरच्या खिडकीत उभी होते. नाक्याच्या पुढं जाईस्तोवर गाडीचा आवाज ऐकला. कुठं अडला नाय. मग खाली आले आणि तिला फोन केला, म्हटलं दुसरी मुलगी बघ." मग त्यांनी विचारलं, "डबा खाल्लास काय?"